सिनेमात दोन बहिणी नकोत

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? फोनवर "बरी आहे" म्हणालास, पण खुर्चीतून उठतानाचा कण्हल्याचा आवाज मला इथवर ऐकू आला. वहिनीला म्हणावं गादी बदल, नाहीतर नवरा बदल. आईची तब्येत तशी ठीक. मी दातांच्या दवाखान्यात पूर्वीसारखीच "बसा, डॉक्टर येतीलच" असं लोकांना खोटं सांगत असते. घरात मात्र बरंच काही होऊन गेलं. सगळं पत्रातच लिहिते, कारण फोनवर तू मध्येच "बरं बरं" म्हणून मोकळा होतोस.

आपल्या ताईवर सिनेमा निघतोय हे तुला ठाऊक आहेच. दिग्दर्शक पहिल्यांदा आला तो आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा हळू बोलत होता. प्रसिद्धी माणसाला कशी खाऊन टाकते ते त्याला दाखवायचं होतं. (याआधी त्याने एका गायकावर आणि एका बॉक्सरवर हेच दाखवलंय. दोघेही शेवटी बाथरूममध्ये मरतात.) हे सांगता सांगता त्याने बशीतली सगळी बिस्किटं संपवली. ताईचं लहानपण खऱ्याखुऱ्या घरात दाखवायचं, म्हणून त्याला आपलं घर हवं होतं. मिळाल्यावर त्याच्या लक्षात आलं की ते पुरेसं गरीब नाही. मग फ्रिज जिन्यात गेला. बाबांनी स्वतः रंगवलेल्या भिंतीवर ओल रंगवली गेली (ओल रंगवणारा कामाला इतका चोख, की मी दोनदा फडकं घेऊन पुसायला गेले). बाबांचा फोटो उतरवला आणि दारू पिणारे बाबा आणून बसवले. आपले बाबा सरबतालाही "फार नको" म्हणायचे, हे मी सांगून पाहिलं. दिग्दर्शक म्हणाला, "मॅडम, प्रेक्षकांना कारण लागतं."

मी म्हटलं, बरं, माझं काम कोण करतंय? तेव्हा तो दाढ उपटायला आलेल्या पेशंटसारखा घुटमळला. दोन बहिणी ठेवल्या तर लोकांचा गोंधळ होतो म्हणे, आणि ताई एकटी पडायला हवी. म्हणजे मी जन्मलेच नाही! तू आहेस, पण पहिल्याच प्रसंगात घर सोडून जातोस. (ते मी दुरुस्त केलं नाही.) ताई घरी यायची तेव्हा तिच्या केसांतला तो चिकट स्प्रे तासन् तास धुऊन काढणारी कोण होती, हे विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. एकटी तर ती पडलीच, दादा. हॉटेलच्या त्या खोलीत तिच्याजवळ कुणी नव्हतं. त्यासाठी मला खोडायची काही गरज नव्हती.

आता आईचं. ताई गेल्याचं तिला आपण किती वेळा सांगितलं आणि दर वेळी तिला ते नव्यानेच कळलं, म्हणून सांगणं सोडून दिलं, तुला आठवत असेल. शूटिंगच्या वेळी आईने मागच्या खोलीत बसायचं असं ठरलं होतं. पण आईने ठरलेलं कधी ऐकलंय? ताईचं काम करणारी नटी ताईच्या केसांसारखा टोप घालून, निळा गाऊन नेसून... म्हणजे चढवून (माझंही भान सुटलं होतं) स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आई थेट तिच्यासमोर गेली. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती गं वाळलीस! आधी हे ओठ पूस आणि जेवायला बस."

पोरगी थिजली. दिग्दर्शकाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि एका हाताने कॅमेरावाल्याला खुणा, चालू ठेव, चालू ठेव. मी कॅमेऱ्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही फ्रेममध्ये येताय," दिग्दर्शक कुजबुजला.

"आलेच आहे, तर राहू दे," मी म्हणाले.

(तेवढा भाग कापला असं नंतर कळलं. आईचा ठेवलाय.)

नटी मात्र गुणाची. शूटिंग संपेपर्यंत रोज आईच्या पंगतीला बसली. तिला नुसत्या उकडलेल्या अंड्यांवर राहायचा हुकूम होता, पण आईपुढे तो कुणाचा चालणार? शेवटी गाऊनची चेन लागेना आणि कपडेवालीने हात टेकले. जाताना "मी येईन हं" म्हणाली. आली नाही. तिला दुसरा सिनेमा मिळालाय, तिला तरी काय बोलणार. आईने मात्र दाराशी खुर्ची ओढली आणि "ती आल्यावर जेवेन" म्हणून बसली ती बसलीच. मी रागावले, विनवलं, भरवायला गेले तर ताट ढकललं. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात न्यावं लागेल.

सिनेमावाल्यांचा टोप बाथरूमच्या खुंटीवर राहून गेला होता. परत पाठवायचा म्हणून हातात घेतला आणि घातला. आरशात दिसली ती टोप घातलेली दवाखान्यातली बाई. पण आईने पाहिलं, "आलीस?" म्हणाली आणि जेवली.

आता रोज जेवते. परवा घास चावता चावता जवळ वाकून म्हणाली, "धाकटी फार दमते गं. चिडते माझ्यावर. तिला जाऊ दे कुठेतरी." मी "बरं" म्हटलं.

वहिनीला नमस्कार, मुलांना पापा.

तुझी
धाकटी

ता. क. पहिल्या खेळाचं आमंत्रण आलंय. मी जाणार नाही. तुला जायचं असेल तर जा, घर सोडून जाताना तू फार देखणा दिसतोस म्हणे.

ता. क. दुसरा. तू येतोस म्हणालास ते खरं असेल, तर दारात मला पाहून हसू नकोस. सरळ "ताई" म्हण. आणि धाकटी तुझ्याकडे राहायला गेली आहे असं मी आईला सांगितलंय. तिने विचारलं तर सांग, मजेत आहे, उशिरापर्यंत झोपते.