डॅल्टनचं हेल्मेट आणि माझं पिवळं फडकं

ती. अर्डिथताईस,

धाकट्या व्हर्नचा नमस्कार. तुझा नवा गुडघा जिना चढू देतो का, की अजून रुसून बसलाय? ग्लेनदाजींच्या खोकल्याचीही चौकशी केली म्हणून सांग. मी सुखरूप आहे, म्हणजे कालपासून आहे; त्याआधीचे तीन दिवस गावात असून नसल्यासारखा होतो.

शुक्रवारी आपल्या शाळेचा फुटबॉलचा सामना होता आणि पंच मी (हल्ली पंच मिळत नाहीत, म्हणून गावच्याच माणसाला उभं करतात). चार मिनिटं उरलेली, आपण तीन गुणांनी पुढे. पाहुण्यांचा कीगन चेंडू काखेत मारून पळत सुटला आणि आपला डॅल्टन (मक्याच्या कोठारावरच्या मार्लिसचा थोरला, तोच तो बैलासारखा) त्याच्यावर धावून गेला. आता नियम असा, की हेल्मेटचा माथा पुढे करून कुणाला धडकायचं नाही, मान मोडते. कागदावर सोपं आहे. पण नेम धरावा छातीचा आणि समोरचा ऐन वेळी वाकला, तर छातीच्या जागी डोकं येतं. मग आधी कोण वाकलं? हे पापणी लवायच्या आत ठरवायचं, तेही धावता धावता, साठीच्या माणसाने (पंचांच्या समितीला मी अठ्ठावन्न सांगितलंय).

नियम मोडला की पंचाने टाकायचं ते पिवळं फडकं मी कमरेतून काढून फेकलं. कीगन उताणा पडला होता, हलेना. ताई, मी सगळं सोडून त्याच्याकडे धावलो. तो उठून बसला तेव्हा कुठे मला दंड आठवला: पाहुण्यांचा चेंडू पंधरा यार्ड पुढे, आणि डॅल्टन मैदानाबाहेर. कोच हार्लन ओरडले, "तो पोरगा वाकला, त्यात माझ्या पोराचा काय दोष रे?" पुढे आपण हरलो. रविवारी चर्चच्या जेवणात मी ताट घेऊन पोहोचताच मार्लिसने आपल्या बटाट्याच्या कॅसरोलचं भांडं माझ्यासमोरून उचललं. म्हणाली, "व्हर्न, हे गावच्या माणसांसाठी आहे."

काल समितीने चित्रण पाहिलं. चूक निघती तर सव्वीस वर्षांची शिट्टी परत करायची होती. दुपारी फोन आला: डॅल्टनचंच डोकं आधी खाली गेलं होतं, निकाल बरोबर. मी स्वयंपाकघरातच बसून रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं. संध्याकाळी मार्लिस कॅसरोल घेऊन आली (अर्धंच होतं, पण आली). म्हणाली, "माझ्या पोराचीही मान मोडली असती रे."

तुझा,
व्हर्न

ता. क. कीगन ठणठणीत आहे.

आणखी ता. क. कुणाला बोलू नकोस. मला त्या वेळी फक्त दोन धूसर ठिपके एकमेकांत मिसळताना दिसले. फडकं मी आवाजावर फेकलं. खांद्यावर आदळलं की धप्प वाजतं, हेल्मेटवर हेल्मेट आदळलं की काठी मोडल्यासारखं. पण कान दर वेळी तारणार नाहीत, आणि माना पोरांच्या आहेत. तेव्हा तुमच्या लिंकनमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरची येत्या शुक्रवारच्या सामन्याआधीची वेळ घे. माझ्या नावावर नको. गावाला कळलं तर सव्वीस वर्षांचे सगळे सामने पुन्हा खेळायला लावतील. ग्लेनदाजींचं नाव सांग.