दवाखान्यात चौघांसाठी टेबल

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात; कंबर धरली आहे). तुझी नि वहिनीची तब्येत उत्तम आहे असं धरून चालते. पत्र वाचून झाल्यावरची हमी मी घेत नाही.

जाताना बाबांच्या दातांच्या दवाखान्याची वेबसाइट तू माझ्या गळ्यात मारलीस. "काही नाही गं, लाल ठिपका दिसला की अपडेट दाबायचं," म्हणालास. दाबलं. तर तिने विचारलं, थीमचा नमुना मजकूर पुन्हा भरू का? इतकं अदबीने घरात कोणी विचारत नाही, म्हणून मी हो म्हटलं. ती फुकटातली थीम मुळात हॉटेलवाल्यांसाठी होती, हे सांगायला तुझी जीभ झिजली असती का रे? आता बाबांचा फोटो तोच, हातात दात उपटायची पक्कड, आणि खाली, 'आमचे मुख्य आचारी. प्रत्येक जिन्नस स्वतः निवडून काढतात.' खुर्चीखाली, 'निवांत रेला, बाकी आमच्यावर सोडा.' भेटीची वेळ घ्यायची तिथे 'टेबल राखून ठेवा.' मी डॅशबोर्डवर दिसेल तिथे टिचक्या मारल्या. त्यातून साधलं एवढंच, की 'वेदनारहित उपचार' गोड पदार्थांत जाऊन बसले.

बाबांना सांगायचा धीर होईना. आई गेल्यापासून त्यांचं कशात लक्ष नाही, त्यात समोर नवा चकाचक दवाखाना; खुर्ची विकून टाकू, एवढंच पालुपद. अशात संध्याकाळी चार माणसं नटूनथटून दारात उभी. एका निवृत्त गायनशिक्षिकेचा वाढदिवस, सोबत भाऊ, भावजय, भाची.

"खिडकीजवळचं टेबल आमचं," भाऊ म्हणाला.

बाबांनी मान वर न करता विचारलं, "आधी कोण बसतंय?"

बाईंनी खुर्ची पाहिली, पक्कड पाहिली आणि अशा खदखदून हसल्या, की बाबांना त्यांची किडलेली दाढ दिसली.

"डाव्या बाजूने चावत नाही ना तुम्ही?"

"कधीपासून नाही!" बाई थक्क.

दाढ भरली. मग बाबांनी फर्मान काढलं, दोन तास तोंडात काही घालायचं नाही. (वाढदिवस बाईंचा, आणि उपासही त्यांचाच.) बाकीचे तिघे कोपऱ्यावर जेवायला गेले. बाई बसून राहिल्या. दोन तास बाबा बोलत होते, दादा. आपले बाबा! मी बाहेरच्या बाकावर बसून नुसती ऐकत होते.

तर रजा काढून ये आणि हा घोळ निस्तर.

तुझी धाकटी बहीण

ता.क. रजा राहू दे. बाबांनी वेबसाइट पाहिली. मला वाटलं, आता माझे दात माझ्याच घशात. तर म्हणाले, "बाकी काय करायचं ते कर. 'मुख्य आचारी' तेवढं राहू दे."

आणखी ता.क. आज नवं बुकिंग आलंय. खिडकीजवळ, दोघांसाठी, बाईंच्या नावाने. दुसरं कोण ते लिहिलेलं नाही, पण बाबा सकाळपासून सगळी कपाटं उपसून निळा कोट शोधताहेत. तो तू नेला आहेस. पत्राचं खरं कारण आता तेच. इस्त्री करून ताबडतोब पाठव, आणि वेबसाइटला बोट लावलंस तर याद राख.