बनूचा रकाना

ग्लासगो, ३० एप्रिल २०२२

तीर्थरूप आबांस,
समीक्षाचा शि. सा. न. वि. वि.

लग्न झाल्यापासून तुम्ही फोनवर बोलत नाही, म्हणून पत्र धाडतेय. तुमच्या आईचं नाव दिलेली बनू दोन वर्षांची झाली. कोकरासारखी हुंदडते.

इथं जनगणना चालू आहे. अर्जात प्रत्येकाचा वंश विचारलाय. ब्रेंडननं स्वतःपुढं ‘आयरिश’वर खूण केली. त्याचे पणजोबा बटाटे काढायला इकडं आले, तेव्हा आयरिश म्हणून कुणी खोली देत नव्हतं. त्या खुणेचा त्याला अभिमान आहे. बनूपुढंही तीच करू म्हणतो. मी नको म्हटलं. दोन दिवस घरात अबोला आहे.

मिश्र वंशासाठी एक कोरी ओळ आहे. तिथं ‘धनगर’ही लिहावंसं वाटतं. पण आपल्या वंशावळीची वही राखणाऱ्या हेळव्याला तुम्ही माझं नाव खोडायला लावलंत, असं आई म्हणाली. जिथं मी नाही, तिथं बनूला कशी लिहू? मेअखेर मुदत आहे.

रागातही लोभ राहू द्यावा.
समीक्षा

विटा, १४ मे

चि. समीक्षास अनेक आशीर्वाद.

बोलनार न्हाई म्हणलो हुतो, लिवनार न्हाई असं म्हणलो न्हवतो. नाव खोडलं, ही गोष्ट खरी. खोडलेलं नाव भावकी बसल्याबिगर परत चढत न्हाई. हेळवी बावीस तारखंला येनार हाय. तुजा जोतीरामतात्या आडवा आलाय. तुजी आई धड जेवत न्हाई. म्या बोलंन, पर शब्द देत न्हाई. तवर कागद भरू नगंस. खोटं तर लिवूच नगंस.

जावयाच्या घरी मेंढरं हायती का?

तुजा आबा

ग्लासगो, २७ मे

तीर्थरूप आबांस शि. सा. न. वि. वि.

पत्र आज मिळालं. भावकीचं आईला विचारलं, तर आबाच लिहितील म्हणाली आणि फोन ठेवला. चार दिवस उरलेत. मी थांबले नाही. बनूपुढं ‘आयरिश आणि धनगर’ लिहिलं. खोटं ठरलं तर दोष माझा.

धनगर म्हणजे कोण, ब्रेंडननं विचारलं. मेंढरं राखणारे, म्हटलं. मग आमचे पणजोबा कोण होते, म्हणाला. आयर्लंडात त्यांची वीस मेंढरं होती म्हणे.

माया आटू देऊ नये.
समीक्षा

विटा, ९ जून

चि. समीक्षास आशीर्वाद.

पत्र काल आलं. वीस मेंढरांचं वाचून जोतीराम म्हणला, लय न्हवती, पर हुती.

भावकी बसली तवा त्यो म्हणला हुता, हरिबा, तूच खोडलंस, आता कुठल्या तोंडानं सांगतोस? म्या म्हणलं, त्याच तोंडानं. मग त्यानंच हेळव्याला पान उघडाय लावलं. तुजं नाव चढलं, खाली बनूचं. तिथं हेळवी थांबला. जावयाची जात काय लिवू, म्हणला. म्या सांगितलं, आयरिश. ही जात आमच्या वहीत न्हाई, म्हणला. म्या म्हणलं, आता हाय.

फोन कर. म्याच उचलंन.

तुजा आबा