पर्पिन्याँच्या राजवाड्यात तुझी आई

प्रिय सई,

आत्ताच फ्रान्सहून घरी पोचलोय, मी आणि तुझी आई. बॅगा अजून दारातच आहेत. पण तिथं काय काय बघितलं, ते तुला सोडून सांगू तरी कुणाला?

गेल्या वर्षी तिकडून तुझी शवपेटी राजारामपुरीतल्या या घरात आली. मेंदूत रक्तस्राव, एवढंच फोनवर कळलं होतं. डोकं दुखतंय म्हणत होतीस, मग दवाखान्यात का गेली नाहीस गं? जुन्या इमारतींचे दगड एवढे जपायचीस, आणि स्वतःला?

तू कुठं राहायचीस, कुठं काम करायचीस, आईला एकदा बघायचं होतं. तुझ्याबरोबर काम करणारी क्लारा आम्हाला घ्यायला स्टेशनवर आली. किती साधी पोर!

आधी आव्हिन्याँ, तू राहायचीस ते गाव. जुन्या काळी पोप राहायचे तो अवाढव्य वाडा! दालनामागून दालन, आणि आत नुसत्या भिंती. आई मध्येच थांबली. "एवढं मोठं घर, आणि ऱ्हायला माणूस न्हाय." पुढं ती काही बघेचना.

दुसऱ्या दिवशी पर्पिन्याँला मायोर्काच्या राजांचा वाडा. तू फोनवर सांगायचीस ना, राणीचं प्रार्थनाघर खाली आणि राजाचं त्याच्या बरोब्बर वर? तसंच आहे. वरच्या दाराला गुलाबी आणि पांढरा संगमरवर. क्लारानं एका कोपऱ्याकडं बोट केलं. "हा भाग सईनं स्वच्छ केला."

आईनं तिथं तळहात टेकला. लगेच पहारेकरी धावला. हात लावायचा नाही, असं खुणावायला लागला. तुझ्या आईचा आवाज तुला माहीत आहेच!

"माझ्या लेकीनं पुसलंय हे! मी हात लावू नको व्हय?"

त्याला काय कळणार? क्लारा हळू आवाजात त्याच्याशी काहीतरी बोलली. त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आमच्याकडं पाठ केली आणि मागून येणाऱ्या लोकांना तिथंच थांबवून धरलं.

आईनं दगडाला गाल लावला. पंचगंगेवर तुला निरोप दिला तेव्हाही ती रडली नव्हती सई. तिथं मात्र ओक्साबोक्शी रडली. मी नुसता तिची पर्स धरून उभा.

"या की पप्पा एकदा, मीच फिरवते," किती वेळा म्हणालीस! मी म्हणायचो, दिवाळी होऊ दे, दुकानातली गर्दी संपू दे. आता आलो, तर फिरवायला तू नाहीस.

निघताना आईनं क्लाराला पोटाशी धरलं. "कोल्हापूरला ये. पावणी म्हणून न्हवं, घरची म्हणून." काय म्हणाल्या, असं क्लारानं मला विचारलं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, अडखळत, मी सांगितलं.

थंडीत येते म्हणालीय ती. तिला अंबाबाईला नेईन, पन्हाळ्यावर नेईन, खिद्रापूरचं देऊळ दाखवीन. दगडातलं मला तुझ्यासारखं कळत नाही. पण ती तुझ्याबद्दल जे विचारेल ते सगळं सांगेन, अगदी लहानपणापासूनचं. मध्येच रडू आलं तरी थांबणार नाही. शब्द देतो, बाळा.

तुझा,
पप्पा