टीझलच्या तीन शिट्ट्या

बर्नहेड, डीसाइड
४ ऑगस्ट

ती. एफी आत्यास,

मर्डोचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून नमस्कार उभ्यानेच केला आहे; तू तो वाकलेला समजावास.)

तुझं खुब्याचं हाड जुळून आलं, तू काठी घेऊन जिना चढतेस, आणि लापशीत मीठ कमी पडलं म्हणून थेट स्वयंपाकघरात जाऊन भांडून आलीस, हे तुझ्या वृद्धाश्रमाच्या मेट्रनबाईंनी फोनवर (जरा दमलेल्या आवाजात) सांगितलं. फार बरं वाटलं. इकडे तुझी भाचेसून उना मजेत, मी मजेत आणि तुझी टीझल आम्हा दोघांपेक्षाही मजेत. पत्र तिच्याचबद्दल आहे.

ईस्टरला तू पडलीस आणि ही दीड वर्षाची स्पॅनियल कुत्री माझ्या हवाली केलीस, तेव्हा स्ट्रेचरवरून बजावलं होतंस, "एक लांब शिट्टी म्हणजे बस. तुटक तुटक शिट्ट्या म्हणजे परत ये. बाकी वेळ तोंड बंद ठेव." पण शिट्टी कुठली घ्यायची, हे सांगायचं राहिलं. (तुझी तुझ्याच गळ्यात रुग्णवाहिकेतून गेली.) मीही विचारलं नाही. चाळीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला साधी शिट्टी निवडता येत नाही, असं तू त्या आश्रमभर सांगत सुटली असतीस.

तर मी बंदुका आणि मासेमारीचे गळ विकणाऱ्या दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर नऊ शिट्ट्या मांडल्या. त्यात एक होती 'मूक' शिट्टी: माणसाला जेमतेम ऐकू येते, कुत्र्याला म्हणे मैलावरून. शेजाऱ्यांना त्रास नको, म्हणून तीच घेतली. या शिट्टीची गंमत अशी, की आपण ती वाजवली की नाही, हे आपल्याला कळतच नाही. परसात पाऊण तास फुंकत होतो. टीझल माझ्याकडे पाठ करून कोबीचा वाफा उकरत होती. उनाला खिडकीतून फक्त माझे फुगलेले गाल आणि लालबुंद चेहरा दिसला. तिनं डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी आधी माझी छाती तपासली, मग शिट्टी तपासली, आणि शिट्टीचा सूर जुळवायचा स्क्रू पार आवळून बसलाय, असं निदान केलं.

दुसरी घेतली ती पोटात गोळी असलेली, खणखणीत वाजणारी. ती मी कुरणात वाजवली. कुंपणापलीकडे फुटबॉलचा सामना चालू होता, हे मला काय ठाऊक! बरोबरी झालेली, दोन मिनिटं उरलेली, आपला पाववाला रॉरी मोकळ्या गोलसमोर पाय उचलून उभा, आणि माझी शिट्टी. बिचारा जागीच थांबला. सगळेच थांबले. थांबली नाही ती टीझल. कुंपणातून घुसून तिनं चेंडू ढकलत ढकलत माझ्या पायांशी आणला. गावाचा कप गेला. तेव्हापासून आम्हाला करपलेलाच पाव मिळतो.

शेवटी सँडी बिर्सकडे गेलो. (वरच्या रानाचा राखणदार. तू त्याला जत्रेत सगळ्यांदेखत गाढव म्हणाली होतीस, तोच.) तो म्हणाला, "पोस्टमास्तर, कुत्र्याला सूर पाठ असतो. तुम्ही दर आठवड्याला नवी शिट्टी आणता. बाईनं दर आठवड्याला नवा नवरा ओळखायचा का?" मग त्यानं खिशातून एक साधी प्लास्टिकची शिट्टी काढली. तिच्यावर आकडा कोरलेला. "या आकड्याच्या सगळ्यांचा सूर एकच. एक हरवली तर दुसरी हजर. दोन घ्या, एकाच दोरीत ओवा. धातूची नको, थंडीत ओठाला चिकटते. आणि एकदाच फुंका हो! तुम्ही तर किटलीसारखे वाजत सुटता."

घेतली. पण आकडा त्याचाच निघाला ना! पहिल्या दिवशी मी 'परत ये' वाजवलं, तर त्याचे दोन लठ्ठ लॅब्रॅडोर धापा टाकत माझ्यापाशी आले, आणि टीझल त्याच्या पायाशी जाऊन बसली. आम्ही दोघांनीही आभाळाकडे पाहिलं.

आता गेल्या मंगळवारचं ऐक. आम्ही टेकडीच्या उतारावर होतो. टीझलच्या नाकासमोरून ससा उठला आणि सुसाट खाली निघाला, थेट रस्त्याकडे. मागोमाग ती. वळणावरून लाकडं भरलेला ट्रक येत होता. आत्या, मला त्या क्षणी तुझा चेहरा दिसला, आणि तुला हे फोनवर कसं सांगायचं, एवढंच मनात आलं. मी शिट्टी तोंडाला लावली. एकच. लांब.

टीझल गवताच्या कडेला खिळल्यासारखी बसली. ससा पलीकडे गेला, ट्रक गेला, धुरळा खाली बसला, तरी ती बसूनच. मग मीही तिथेच गवतात बसलो. मागून बिर्स येऊन म्हणाला, "शहाणी पोर आहे."

सारांश, शिट्टीत मी आता तयार झालो आहे. काळजी नसावी.

तुझा आज्ञाधारक भाचा,
मर्डो

ता. क. उनानं पत्र वाचलं. "खरं लिही, नाहीतर मी लिहिते," म्हणते. तर, ती शिट्टी बिर्सची. माझं तोंड कोरडं पडलं होतं. नुसती हवा आली.

ता. क. दुसरा. शनिवारी बिर्सच्या रानात नवशिक्या कुत्र्यांची परीक्षा आहे. टीझलचं नाव दिलंय. 'कुत्रा कोण चालवणार' या रकान्यात तुझं नाव लिहिलंय. बिर्सला विचारलं. "ती बाई येणार असेल तर मी नवी टोपी घालतो," म्हणाला. नऊ वाजता गाडी घेऊन येतो, बूट मी आणतो. तुला दाताच्या डॉक्टरकडे नेतो असं मेट्रनबाईंना सांगितलंय, तेव्हा गाल धरून बाहेर ये.