जाताना चौदा तास, येताना चार

२ नोव्हेंबर
लेकीचा फोन. तिचं लग्न २१ तारखेला, तिकडे परदेशातच, सकाळी दहाला. तिकडे थंडी; बाबांच्याच हातचा कोट घालणार म्हणते. तीस वर्षं टेलरिंग करतोय, एक कोट म्हणजे डाव्या हातचा मळ. उद्या कापड बेततो.

९ नोव्हेंबर
बेतायचं राहिलं. गिऱ्हाईकं डोकं खातात. कपडे कधी देणार, कपडे कधी देणार! मी काय पळून चाललोय?

११ नोव्हेंबर
तिकिटं आली. निघणं सकाळी सहा, पोचणं रात्री आठ. चौदा तास! येताना सकाळी आठला निघून दुपारी बाराला परत. चारच! बायको म्हणाली, विमानाला घाट लागतो का, जाताना चढ आणि येताना उतार? गणित पुन्हा करा. शेजारच्या मास्तरांकडे जाऊन पृथ्वीच्या गोलाला टेप लावला. पावणेसात इंच. मास्तरांच्या हिशेबाने सात हजार दोनशे किलोमीटर. एवढ्याला चौदा तास लागणारच. येताना वारा पाठीशी असेल. मापाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

१४ नोव्हेंबर
कोट बेतला, मशीनची शिलाईही झाली. उरली हातशिलाई: अस्तराची तुरपाई, सात काजं, सात बटणं. दहा तासांचं काम. आणि विमानात चौदा तास नुसतं बसायचंय! प्लॅन बायकोला सांगितला. तिने कपाळाला हात लावला.

१६ नोव्हेंबर
आज पूर्ण मोकळा होतो. पण आत्ताच संपवलं तर विमानात करू काय? दुपारी झोपलो. संध्याकाळी पाचला लेकीला फोन केला, तर तीही अंथरुणात. रात्र झालीय म्हणाली. माझ्यावरच गेलीय.

२० नोव्हेंबर, पहाटे ५
सिक्युरिटीवाल्याने सॉरी म्हणत कात्री काढून घेतली. असू दे, दोरा तोडायला दात आहेत. बायकोला ताकीद: मी कामात असताना हाक मारायची नाही.

सकाळी ९.३०
एका बाहीचं अस्तर झालं. अजून साडेदहा तास हातात. पाच मिनिटं डोळे मिटतो.

दुपारी ३
विमान उतरतंय! एअर होस्टेसला म्हटलं, बाई, अजून पाच तास बाकी आहेत. ती म्हणाली, फ्लाइट नऊच तासांची. इथली घड्याळं पाच तास पुढे, इथे आठ वाजलेत. हिने पाच तास काढून घेतले; कात्रीवाला निदान सॉरी तरी म्हणाला होता. बायकोला विचारलं, उठवलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही कामात होतात ना.

२१ नोव्हेंबर
लेकीसमोर मान वर करायची सोय नव्हती. खाली घालून टाके घालत बसलो. ती रागावली नाही. शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत राहिली, लहानपणी दुकानात द्यायची तसा. म्हणाली, बाबा, कोट वेळेवर मिळाला असता तर तो तुमच्या हातचा आहे हे कुणाला पटलंच नसतं.

दहा वाजले तेव्हा पाच काजं झाली होती. वरची दोन राहिलीच.

सगळ्या फोटोंत लेकीचा हात छातीवर आहे. पाहुणे म्हणतात, पोरीला किती भरून आलंय बघा. तिला कुठलं भरून येतंय? तिने कोट धरून ठेवलाय. भरून आलं होतं ते मला.