कोळसा काय खातो

ता. ४ मार्च, घरून

चि. धाकटीस,

ताईचा आशीर्वाद, पण हात आखडून. वि. वि. काय लिहू, आज सगळं विशेषच आहे. माझ्या मांजरांना तू काय खायला घातलंस? गोड बोलू नकोस, नुसतं सांग.

काल दुकानातून कलेजी आणली, ताजी, चकचकीत. ऑपरेशन झालेला खांदा अजून वर जात नाही, तरी डाव्या हाताने बारीक कापली. पोरं इतक्या दिवसांनी घरी आलीत, म्हटलं पोटभर खाऊ देत. पिठीने वास घेतला आणि चिखलात पडल्यासारखा पंजा झटकला. कोळशाने तर वाटीकडे पाठच केली. हाच कोळसा मी कामावरून आले की माझी बोटं सोलून निघतील इतकी चाटायचा.

मला वाटलं प्रवासाचा शीण असेल. दुपारी दुखण्याच्या गोळ्यांची बाटली उचलली तर ती हातात खुळखुळली. दोघं कपाटावरून धाडकन खाली! शेपट्या पायांभोवती गुंडाळून माझ्यापुढे बसली, तोंडं वर करून. मी चौथीत शाळा सोडली असेल, पण बहिरी नाही. असा आवाज कशाचा होतो ते मला कळतं. तू त्यांना दाणे घातलेस. मांजरांसाठी पोत्यात विकतात ते सुके दाणे.

अगं, एकच गोष्ट मागितली होती तुझ्याकडे. ऑपरेशननंतर लेकीकडे राहायचं होतं, जावयाला मांजराच्या केसाने शिंका येतात, म्हणून दोघं तुझ्या पदरात टाकली. कच्चं मांस, बारीक कापून, हाडाशिवाय. तू मान डोलावलीस. आणि दाणेच घालायचे होते तर जगात दुसरं काही मिळालं नाही? मधला भाऊ बाबांच्या मटणाच्या दुकानातून न सांगता उठला आणि त्या दाण्यांच्या कारखान्यात जाऊन बसला, तेव्हापासून ती वस्तू माझ्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. तुला हे पक्कं ठाऊक. सहा वर्षं तू दोन्हीकडे जातेस, दोन्हीकडचा चहा पितेस, मी कधी अडवलं? पण माझ्या मांजरांच्या वाटीत त्याचा कारखाना ओतायचा म्हणजे केसाने गळा कापणं झालं.

फोन करू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी काय विचारत होते तेच विसरते. लिहून पाठव, म्हणजे पुन्हा पुन्हा वाचून खोटं धरता येईल.

लोभ होता. पुढचं तुझ्या उत्तरावर.

ताई


ता. ७ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र हातात दिलं तेव्हा पोस्टमन दोन पावलं मागे सरकला. पाकिटाला धग लागत असणार.

चुकले मी. दाणे घातले, खरं आहे. पण ताई, माझी खोली तुला माहीत आहे. एका भिंतीला शिवणाचं मशीन, दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकांचे कपडे टांगलेले, मध्ये मी. पहिल्या दोन दिवसांतच पिठीने कलेजीत बुडवलेला पंजा एका बाईंच्या पांढऱ्या झग्यावर उमटवला, अगदी कमरेच्या चुण्यांवर. तो डाग मी थंड पाण्याने, मिठाने, शेवटी अश्रूंनी धुतला. शिवाय मांस उरलं की माशा. म्हणून दाणे आणले. ते सांडले तर झाडून टाकता येतात. तू नुकती पलंगावरून उठली होतीस, तुला कशाला त्रास, म्हणून लिहिलं नाही. एवढंच.

आता तू हट्टाला पेटू नकोस. थोडं मांस, थोडे दाणे असं मिसळून बघ. नाहीतर डब्यातलं मांजराचं खाणं आण, ते मऊ असतं, त्यात पाणीही असतं. इथले जनावरांचे डॉक्टर म्हणतात की म्हाताऱ्या आजारी माणसाच्या घरात कच्चं मांस जपूनच हाताळावं. म्हातारी ते म्हणाले, मी नव्हे. लेकीकडे तू स्वतः पाव आणि सूप खाऊन राहिलीस, तेव्हा कुठे पाठ फिरवून बसली होतीस?

खांद्याला शेक देत जा. रागातला का होईना, पण लोभ चालू ठेव.

तुझी धाकटी


ता. ९ मार्च, दुकानातून, पाठीमागच्या खोलीत बसून

धाकटे,

आशीर्वाद लिहायला आज जागा नाही, कामाचं खूप आहे.

तुझं पत्र मी खरं मानलं. मानलं म्हणून काल सकाळी डोक्यावर ओढणी घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात गेले. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने मला दाण्यांचं पाकीट घेताना बघितलं असतं तर मी कापायला उभी राहते त्या ठोकळ्यावर स्वतःलाच ठेवलं असतं. घरी येऊन ओतले. दोघं धावली. पिठीने कुडुमकुडुम करून वाटी साफ केली, बेइमान. कोळशाने एक दाणा तोंडात घेतला, मान वाकडी केली आणि तो जमिनीवर सोडून दिला. मग डबा आणला. उघडला की शिळ्या मोज्यांचा वास. त्यातला रस त्याने थोडा चाटला, फोडी तशाच. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर पोरगेलीच आहे, पण हात चांगला. ती म्हणाली दाढ सुजली आहे, सूज उतरल्याशिवाय काढता येणार नाही, आणि बोक्याला असं उपाशी ठेवलं तर आतून बिघडतं. डब्यातलं पातळ करून पिचकारीने तोंडात घालायला शिकवलं. म्हणाली, हे असं थोडे दिवस निभेल, पण त्याला स्वतःहून खायला लावा. इतके दिवस तो जे खात होता तेच द्या. मी म्हटलं, दाणे खात होता. ती म्हणाली, या दाढेने? शक्यच नाही.

आता ऐक. काल संध्याकाळी पिचकारी घातली, त्याने माझं मनगट ओरबाडलं आणि पलंगाखाली जाऊन बसला. मला इतका वैताग आला की मी ओट्यावर बोटांची पेरं आपटली. दोन सावकाश, एक झटक्यात. हात आपोआप गेला. बाबा दुकान बंद करताना सुऱ्याच्या मुठीने ठोकळ्यावर तसं ठोकायचे, म्हणजे काम संपलं, उरलंसुरलं मांजरांना. बाबांनंतर मधला ठोकायचा. तो गेल्यापासून मी ते सोडलं होतं.

कोळसा पलंगाखालून बाहेर आला. सरळ माझ्या पायाशी येऊन उभा राहिला आणि ओरडायला लागला, आता दे म्हणून.

ही दोघं जन्मली तेव्हा मधल्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या घरात ती ठोक त्यांनी कधी ऐकली नाही. तू तर बाबा असताना ठोकळ्याजवळही यायची नाहीस, रक्ताचे शिंतोडे उडतात म्हणून. मग माझ्या मांजराला ती कुणी शिकवली?

कोळसा मी मधल्याच्या घरी पाठवला असता का? जीव गेला तरी नाही. म्हणून तू पाठवलास, आणि मला लिहीत राहिलीस की पिठी तुझ्या मशीनशेजारी बसून चाक फिरताना बघते, आणि चाक थांबलं की तुझ्याकडे बघते. ती ओळ मी लेकीला दोनदा वाचून दाखवली. मला रडू आलं होतं ती वाचून. रचलीस ना ती? माझ्या रडण्याचं माप घेऊन शिवलीस. पांढरा झगा तरी खरा होता का?

खरं लिही, आणि कोळसा त्याच्याकडे काय खात होता ते विचारून लिही. त्याच्या पाठीची हाडं आता हाताला लागतात.

ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. आज चेष्टा करत नाही.

झगा खरा होता. ज्या बाईंचा होता त्या दारात उभ्या राहून इतकं बोलल्या की मी त्याच संध्याकाळी मधल्याला फोन केला. दुसरं कोण आहे मला? तो पेटी घेऊन आला आणि दोघांना नेलं. तुला सांगायचं नाही हे आमचं ठरलं. मी ठरवलं, तो फक्त हो म्हणाला. तू नुसत्या कल्पनेनेही ऑपरेशनचे टाके उसवून आली असतीस.

पत्रांत लिहिलेलं रचलेलं नव्हतं ग. तो फोनवर सांगायचा ते मी लिहायचे. पिठी खरंच चाकाकडे बघत बसायची. फक्त चाक त्याच्या सायकलचं. तो सायकल अंगणात उलटी करून तेल घालायचा तेव्हाचं. मी ते माझ्या मशीनला लावलं.

आणि आता एक, जे मी सहा वर्षं पोटात ठेवलं. पहिले काही दिवस त्याने तू सांगितल्याप्रमाणे कच्चंच घातलं. नाकातोंडाला फडकं बांधून कापायचा आणि बाहेर जाऊन ओकायचा. बाबा गेल्यापासून त्याला मांसाचा वास सोसत नाही. दुकानात शेवटचं वर्ष त्याने तसंच काढलं, दर तासाला मागच्या मोरीत जाऊन. म्हणून गेला तो. तुला सांगितलं नाही कारण तू हसशील, दुकानभर ऐकू जाईल अशी हसशील. मला त्याने तेव्हाच सांगितलं होतं.

दाणे पिठीसाठी. कारखान्यातून निघणारे, फुटलेले. कोळशाला तो वेगळं काहीतरी करून देतो, स्वतःच्या हाताने कालवून. काय ते मी विचारलं. तो म्हणाला, तिला हवं असेल तर तिने विचारावं. मी ओरडले त्याच्यावर, म्हटलं बोका मरेल. तो पुन्हा तेच म्हणाला. तुम्हा दोघांच्या हट्टांना एकाच सुऱ्याची धार आहे.

मारायचं तर मला मार, पण त्याला विचार.

लोभ मागायचं तोंड नाही. तरी मागते.

धाकटी


ता. १४ मार्च, घरून

मधल्यास,

चि. लिहायला घेतलं, हात वळला नाही. आशीर्वाद कोळशाच्या नावाने समज.

बोक्याचं खाणं अडवून माझं तोंड उघडायला लावलंस. हे कारखान्यात शिकवतात का? बरं, उघडलं. विचारते. कोळशाला तू काय खायला घालत होतास? मांस, डबा, दाणे, तिन्ही करून झालं. मांस तो बघत नाही, डब्याचा रस चाटून सोडतो, दाणा त्याला चाववत नाही. ते दाणे गरम पाण्यात फुगवून दिले, तेही करून बघितलं, खाल्ले नाहीत. त्याच्या खाण्यात तू काय घालतोस, किती गरम करतोस, वाटीत देतोस की तळहातावर, सगळं लिही. पिचकारी बघितली की तो आता पळतही नाही, डोळे मिटून घेतो. मला ते बघवत नाही.

हे झालं त्याचं. आता माझं.

तू गेलास त्या सकाळी ठोकळा खरवडून धुतलेला होता. सुरे पुसून ओळीने लावलेले. तुझा ॲप्रन घडी करून खुंटीखाली. मला वाटलं आज लवकर येऊन साफसफाई केलीस, मी मनातल्या मनात तुझं कौतुकही केलं. बाहेर गिऱ्हाइकांची रांग लागली, तरी मी दाराकडे बघत होते. रांगेतल्या एका बाईने सांगितलं की तुला पहाटे कारखान्याच्या गाडीत चढताना बघितलं. रांगेसमोर कळलं मला. त्यानंतर बकऱ्यांची अर्धी धडं मी एकटी खांद्यावर घेऊन आत आणत होते. हा खांदा त्यातच गेला. दुकानही गेलं. आता त्याच ठोकळ्यामागे मी दुसऱ्याच्या पगारावर उभी आहे.

धाकटी म्हणते, वास सोसेना म्हणून गेलास, आणि मी हसले असते म्हणून सांगितलं नाहीस. हसले असते, हो. पोट धरून हसले असते. मांसवाल्याच्या पोराला मांसाने ओकारी, कोण हसणार नाही? आणि हसून झालं की तुला गल्ल्यावर बसवलं असतं आणि सगळं मीच कापलं असतं. तेव्हा खांदा चांगला होता माझा. तू मला हसायची संधी दिली नाहीस म्हणून पुढचं करायचीही दिली नाहीस. धाकटीला सांगितलंस. ज्या ताईने तुला सुरा धरायला शिकवलं तिला सोडून, सुऱ्याला घाबरणाऱ्या पोरीला. हे मला कारखान्यापेक्षा जास्त लागलं. तुम्ही दोघं मिळून माझ्या मोठ्या आवाजापासून मला वाचवत बसलात सहा वर्षं.

फडकं बांधून माझ्या मांजरांसाठी कापलंस म्हणे. ते वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. मऊ झाले असं समजू नकोस. नुसतं ठेवलं होतं, चष्मा पुसायला.

लिहून पाठव किंवा स्वतः ये. आलास तर दाराची कडी वाजव. ती आपली ठोक वाजवू नकोस. कोळसा अंगात होतं नव्हतं ते त्राण काढून धावत येईल, आणि तुझ्या हातात काही नसेल तर फसेल. या घरात एक फसलेली आहे, तेवढी पुरे.

मला उत्तर शनिवारच्या आत पाहिजे, दुकान बंद व्हायच्या आधी.

ताई